आधी पेट्रोल बघा, बाई

१९८९ च्या श्रावणात तवंदी घाटाच्या चढावर माझी मोपेड बंद पडली. शाळा घाटापलीकडे संकेश्वरच्या बाजूला, घर निपाणीत. दिवस मावळायच्या आत जेवणं आटोपायची आमच्या घरची रीत, आणि मी भरलेल्या ट्रकांच्या धुरात उभी. पॅडल मारून मारून पोटऱ्या भरून आल्या. हात थरथरत होते, घशाला कोरड पडली होती. मनात णमोकार चालू होता, पण त्यातही एकच विचार घुसत होता : आता गाडी हातची गेली.

गाडी मोडली असेल, याची भीती मला तेवढी नव्हती. घरच्यांनी ती मोठ्या मुश्किलीने घेऊ दिली होती. भर रस्त्यात बंद पडली हे कळलं की "आम्ही म्हणत नव्हतो का" हे वाक्य ठरलेलं. पुरुषाची गाडी बंद पडली की गाडी वाईट ठरते. बाईची बंद पडली की बाईच कच्ची ठरते. घाटात माझ्या छातीत धडधडत होतं ते या निकालाच्या धास्तीनं.

शेवटी एका टेम्पोवाल्याने गाडी मागे चढवली आणि निपाणीत मिस्त्रींच्या दारात उतरवली. मिस्त्रींनी वाकून टाकीखालची चावी फिरवली, दोन पॅडल मारली आणि गाडी सुरू! मी पेट्रोल रिझर्व्हला लावायलाच विसरले होते. लाजेने मान वर होईना. मिस्त्री हसले नाहीत. म्हणाले, "बाई, पोरांना पाढे शिकवता न्हवं? ह्योबी पाढाच. आधी पेट्रोल बघा, मग करंट, मग हवा. तिन्ही मिळाल्याबिगर गाडी पेटत न्हाई, आनि तिन्ही असली तर सहसा रुसत न्हाई."

घरी व्हायचं तेच झालं. मामंजी म्हणाले, "उद्यापासून बसनं जा." आठवडाभर मी बसने गेले. मग एका सकाळी सासूबाईच बोलल्या, "चूल एक दिवस पेटली नाही म्हणून कुणी चूल टाकून देतं का?" मामंजी काहीच बोलले नाहीत. मी किल्ली उचलली.

मी शाळेत इतिहास शिकवायचे. लढायांच्या सनावळ्या तोंडपाठ होत्या. पण गाडीच्या इतिहासात बायका कुठे होत्या, ते निवृत्तीनंतर वाचायला मिळालं. वाचताना पानोपानी मला मिस्त्रींचा पाढा आठवत राहिला.

पहिली भेटली ती जर्मनीतली बर्था बेंझ. तिच्या नवऱ्याने, कार्ल बेंझने, तीन चाकांची मोटार तयार केली होती, पण तिच्यावर लोकांचा विश्वास बसत नव्हता. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्थाने नवऱ्याला न सांगता ती मोटार बाहेर काढली. यूजेन आणि रिचर्ड या दोन मुलांना घेऊन ती मानहाइमहून आपल्या माहेरगावी, फोर्त्झहाइमला निघाली. शंभर किलोमीटरहून अधिक वाट, आणि वाटेत पेट्रोलपंप नावाची गोष्टच नाही. विस्लॉख गावात तिने औषधाच्या दुकानातून इंधन विकत घेतलं. पुढे इंधनाची नळी तुंबली, तेव्हा टोपीची पिन घालून ती मोकळी केली. विजेची तार उघडी पडली, तेव्हा मोज्याचा पट्टा गुंडाळून ती झाकली. ब्रेक झिजले, तर चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. आधी पेट्रोल, मग करंट! अंगावर आणि हाताशी होतं त्यातच तिने भागवलं. एवढं करून माहेरी पोचली आणि काही दिवसांनी तीच मोटार घेऊन परत आली.

दुसरी इंग्लंडची बिआट्रिस शिलिंग. चौदाव्या वर्षी तिने स्वतःची मोटारसायकल घेतली, पुढे मँचेस्टरला इंजिनिअर झाली. ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या वाटेवर १९३४ मध्ये तिने नॉर्टन मोटारसायकल ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने चालवली. नंतर महायुद्ध आलं. ब्रिटिश लढाऊ विमानांनी एकदम नाक खाली केलं की कार्बोरेटरमधलं पेट्रोल उसळायचं आणि इंजिन गुदमरून क्षणभर बंद पडायचं. आपली गाडी बंद पडली तर आपण कडेला तरी घेतो. आकाशात कसली कडा? १९४१ मध्ये शिलिंगने उपाय काढला : पेट्रोलच्या वाटेवर मधे भोक असलेली एक लहानशी पितळी चकती. लागेल तेवढंच पेट्रोल आत, जास्तीचं नाही. पेट्रोल आणि हवा यांचा मेळ पुन्हा बसला. मोठ्या दुखण्याला एवढंसं औषध पुरलं, कारण दुखणं नेमकं कुठे आहे ते तिने आधी शोधलं होतं.

पण कधीकधी तिन्ही असूनही गाडी चालत नाही, तेव्हा काय? टेरेसा वॅलाक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरॉन या दोघी डिसेंबर १९३४ मध्ये लंडनहून निघाल्या. सहाशे सीसीची पँथर मोटारसायकल, तिला साइडकार आणि मागे सामानाचा गाडा. जवळ होकायंत्रसुद्धा नव्हतं. सहारा वाळवंट ओलांडताना इंजिन इतकं बिघडलं की ते उघडून नव्याने बांधावं लागलं. वाळवंटात आपण नेमक्या कुठे आहोत हे कळत नसताना, सुटे भाग पुढ्यात मांडून एकेक परत जागेवर बसवायचा, या कल्पनेनेच माझ्या अंगावर काटा आला. तरी जुलै १९३५ मध्ये त्या केपटाउनला पोचल्या. वॅलाक पुढे युद्धात ब्रिटिश सैन्यासाठी मोटारसायकलवरून संदेश पोचवत होती, आणि म्हातारपणी तिने अमेरिकेत फिनिक्स शहरात लोकांना मोटारसायकल शिकवायची शाळा काढली.

या झाल्या लांबच्या. आपल्याकडची गोष्ट साधी आहे, पण मला ती तितकीच मोठी वाटते. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने पन्नास सीसीची लूना आणली. तिला पॅडल होती. इंजिन बंद पडलं तर सायकलसारखी रेटत घरी येता यायचं. चढावर दम निघायचा ही गोष्ट खरी, पण निदान कुणाच्या दारात उभं राहायला लागायचं नाही. त्यापूर्वी साडी सावरून किक मारायची म्हणजे चारचौघांत तमाशा. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली, तिला गिअर नव्हते आणि ती बटण दाबलं की सुरू व्हायची. आमच्या भागातल्या कितीतरी नर्सबाई, शिक्षिका आणि बँकेतल्या मुली अशा गाड्यांवरूनच पहिल्यांदा एकट्या गावाबाहेर पडल्या. त्यांची नावं कुठल्या पुस्तकात यायची नाहीत.

आता माझं राहिलेलं सांगते. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी, जवळपास त्याच वळणावर गाडी पुन्हा बंद पडली. पुन्हा तेच थरथरणं, तीच कोरड. पण या वेळी मी आधी गाडी रस्त्यावरून खाली, दगडाच्या कडेला घेतली आणि स्टँडवर लावली. बाटलीतलं पाणी प्यायले. मग स्वतःशीच मोठ्याने म्हटलं, आधी पेट्रोल. टाकी हलवली, पेट्रोल होतं. चावीही रिझर्व्हला लावून पाहिली. मग करंट. पिशवीतला पाना काढून, रुमालात धरून प्लग खोलला. त्याच्यावर काजळी धरली होती. केसांतला आकडा काढून ती खरवडली, पुसली, टोपी बसवून प्लग इंजिनला टेकवला आणि एका हाताने पॅडल फिरवलं. निळी ठिणगी उडाली. तेव्हा बर्था बेंझ हे नावही मी ऐकलेलं नव्हतं.

भीती गेली होती, असं मी म्हणणार नाही. ती शेजारच्या दगडावर बसून होती आणि मी माझं काम करत होते. पुढचं काम काय, हे ठाऊक असलं की भीतीला बसायला जागा द्यावी लागते, पण ऐकावं तिचं लागत नाही. आईचं दुखणं, मुलाची परीक्षा, बँकेतले कागद, कितीतरी वेळा मला पुढे हाच पाढा उपयोगी पडला.

घरी पोचले तेव्हा अजून उजेड होता. ताटं मांडलेली होती. मामंजींनी विचारलं, "उशीर झाला?"

"प्लग साफ करत होते," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या काळ्या झालेल्या बोटांकडे पाहिलं. मग काही न बोलता मोरीवर आले, तांब्या उचलला आणि माझ्या हातांवर पाणी घातलं.