दोन पावांची निवडणूक : ब्रिटन, १९०६

#थ्रेड

जानेवारी १९०६. ब्रिटनमधील सार्वत्रिक निवडणूक. लिबरल पक्षाच्या भित्तिपत्रकांवर दोन पाव झळकत होते : एक टम्म फुगलेला, दुसरा मुठीत मावेल एवढा. मोठा पाव खुल्या व्यापाराचा, लहान पाव जकातीचा. अर्थशास्त्रातला एक किचकट वाद असा थेट जेवणाच्या टेबलावर येऊन बसला होता.

वादाला तोंड फोडले जोसेफ चेंबरलेन यांनी. परदेशी मालावर जकात बसवावी आणि वसाहतींना तीत सवलत द्यावी, अशी योजना त्यांनी मे १९०३ मध्ये बर्मिंगहॅमच्या भाषणात मांडली. जर्मनी व अमेरिकेच्या स्पर्धेत ब्रिटिश कारखाने टिकावेत, साम्राज्यही घट्ट बांधले जावे, हा हेतू. योजना निव्वळ खुळचट नव्हती. पण कॅनडासारखी वसाहत विकणार गहू. तिला सवलत द्यायची, तर इतरांच्या गव्हावर आधी जकात हवी. आणि १८४६ साली धान्य कायदे रद्द झाल्यापासून स्वस्त पाव हा इंग्रज कामगाराला आपला हक्कच वाटत आला होता.

चेंबरलेन यांना धोका दिसत होता. नोव्हेंबर १९०३ मध्ये त्यांनी भरसभेत दोन पाव उंचावून दाखवले. त्यांच्या योजनेने पडणारा फरक डोळ्यांना जेमतेम जाणवेल एवढाच होता. तरीही लोकांच्या मनात राहिले ते विरोधकांचे चित्र! पंतप्रधान बाल्फोर धड इकडे ना तिकडे, पक्ष दुभंगला. तरुण विन्स्टन चर्चिल याच प्रश्नावरून १९०४ मध्ये लिबरलांना जाऊन मिळाले.

प्रचारातील दुसरा मुद्दा मला अधिक अस्वस्थ करतो. ट्रान्सवालच्या सोन्याच्या खाणींत १९०४ पासून हजारो चिनी मजूर करारावर आणले गेले होते. त्यांना कुंपणबंद वस्त्यांत ठेवले जाई. लिबरलांनी ‘चिनी गुलामगिरी’ म्हणून रान उठवले. त्यात खरी करुणा होती. पण ‘हे स्वस्त मजूर उद्या आपली रोजी हिरावतील’ ही वर्णद्वेषी भीतीही होती. मते दोन्हींमुळे मिळाली.

निकाल : लिबरल सुमारे ४००, बाल्फोर यांची आघाडी १५७, नवखा मजूर पक्ष २९. खुद्द बाल्फोर मँचेस्टरमध्ये पडले.

ज्यांच्या पिशवीत रोज पाव पडे, त्या स्त्रियांना मात्र मताधिकारच नव्हता. ऑक्टोबर १९०५ मध्ये मँचेस्टरच्या ‘फ्री ट्रेड हॉल’मधील लिबरलांच्या सभेत क्रिस्टाबेल पँकहर्स्ट व ॲनी केनी यांनी तोच प्रश्न विचारला. उत्तर मिळाले नाही; दोघींना अटक झाली.

त्याच शरद ऋतूत आपले गोपाळ कृष्ण गोखले इंग्लंडमध्ये गावोगाव व्याख्याने देत हिंदुस्थानची बाजू मांडत होते. लिबरल आले, तर न्याय मिळेल, ही त्यांची आशा. लिबरल आले. दादाभाई नौरोजी मात्र नॉर्थ लॅम्बेथमधून हरले. गोखल्यांना ज्यांच्याविषयी नितांत आदर होता, ते जॉन मोर्ले भारतमंत्री झाले होते. आणि निवडणुकीनंतर महिनाही उलटला नसेल, तोच त्यांनी संसदेत सांगून टाकले की बंगालची फाळणी ही आता ठरून गेलेली गोष्ट आहे.