हिशेबात कमी पडलेलं नायट्रेट

पीएच.डी.च्या पहिल्याच उन्हाळ्यात जळगाव जिल्ह्यातल्या केळीच्या पट्ट्यात पाण्याचे नमुने घेत फिरत होतो. नाल्याकाठच्या एका उथळ विहिरीचं गढूळ पाणी बाटलीत गच्च भरलं, झाकण घट्ट लावलं आणि बर्फात ठेवायचं सोडून दोन दिवस तसंच खोलीत राहू दिलं. खान्देशातला मे महिना! पुन्हा मोजलं तर नायट्रेट बरंच उतरलेलं आणि आधी नसलेलं नायट्राइट दिसायला लागलेलं. 'आपलंच काहीतरी चुकलं' म्हणून मी ते आकडे वहीतून खोडले. या विषयाचा इतिहास वाचल्यावर त्या खोडाखोडीची लाज वाटली.

कारण हा सगळा शोधच 'कमी पडलेल्या' आकड्यांतून लागला आहे.

१८५६ मध्ये फ्रान्समध्ये ज्यूल रेझे यांनी दाखवलं, की कुजणाऱ्या शेणखतातला नायट्रोजन वायू होऊन हवेत निघून जातो. तो नेतं कोण, हा प्रश्न उरला. १८८२ मध्ये बोर्दो इथे पाश्चर यांचे शिष्य गायों आणि त्यांचे सहकारी द्युप्ती यांनी गटाराच्या पाण्यात नायट्रेट घातलं. ते नाहीसं झालं. पण ते तिथेच थांबले नाहीत. तेच पाणी तापवून पाहिलं, क्लोरोफॉर्म घालून पाहिलं. आता नायट्रेट जागच्या जागी! म्हणजे ही नुसती रासायनिक क्रिया नव्हे, हे कुणातरी जिवंताचं काम. या क्रियेला 'डीनायट्रिफिकेशन' हे नाव त्यांनीच दिलं आणि १८८६ मध्ये ती करणारे जिवाणू वेगळे वाढवूनही दाखवले.

हे जिवाणू नेमकं करतात काय? परीक्षेत इथे हमखास गोंधळ होतो. ऑक्सिजन नाही म्हणजे किण्वन, असं आपण पाठ केलेलं असतं. पण हे किण्वन नाही, हे चक्क श्वसन आहे. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन पेशीपटलातल्या साखळीतून पुढे जातात, प्रोटॉन बाहेर ढकलले जातात आणि त्या जोरावर एटीपी बनतं. शेवटी इलेक्ट्रॉन घेणारा मात्र ऑक्सिजनऐवजी नायट्रेट असतो. नायट्रेटचं नायट्राइट, मग नायट्रिक ऑक्साइड, नायट्रस ऑक्साइड आणि अखेर नायट्रोजन वायू. एका नायट्रेटमागे पाच इलेक्ट्रॉन खपतात. ऑक्सिजनपेक्षा यात ऊर्जा थोडी कमी मिळते, म्हणून ऑक्सिजन असेपर्यंत बहुतेक जिवाणू या वाटेला जात नाहीत.

आता आपल्या तापीबरोबर खाली समुद्रापर्यंत जाऊ. १९३३-३४ मध्ये 'माबाहिस' या इजिप्शियन जहाजावरून सेमूर सेवेल यांच्या नेतृत्वाखाली जॉन मरे मोहीम अरबी समुद्रात फिरली. मधल्या खोलीवर ऑक्सिजन जवळजवळ नसलेला पाण्याचा जाड थर आहे, हे तिच्या मोजणीत दिसलं. पुढे गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी त्या थरातल्या नायट्रेटचा हिशेब मांडला. समुद्रात एका फॉस्फेटमागे साधारण सोळा नायट्रेट असतात. म्हणून फॉस्फेट मोजलं की नायट्रेट किती असायला हवं ते कळतं. इथे ते कमी भरत होतं आणि ही तूट हाच जिवाणूंच्या कामाचा माग होता. २००० मध्ये एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं, की आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत नायट्रस ऑक्साइड प्रचंड प्रमाणात साठतो. जमिनीवरून वाहून येणारं नायट्रेट हे त्यामागचं एक कारण त्यांनी मांडलं. म्हणजे शेतात टाकलेल्या युरियाची गोष्ट बांधावर संपत नाही.

परत माझ्या बाटलीकडे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. दोन दिवसांनंतरचा तो आकडा मी तसाच प्रबंधात घेतला असता, तर मर्यादेबाहेरची विहीरही कागदावर पिण्यालायक ठरली असती, आणि त्याच पाण्यावर कुणाच्या घरी तान्ह्या बाळाचं दूध कालवलं गेलं असतं. म्हणजे आकडा वापरणं चूक होतं, पण खोडणंही चूकच. गायों आणि द्युप्ती यांनी केलं ते मी करायला हवं होतं: दुसरी बाटली भरायची, तिच्यातले जिवाणू मारायचे आणि दोन्ही शेजारी ठेवून मोजायचं.

तेव्हा मित्रांनो, प्रयोगवहीतला न जुळणारा आकडा खोडू नका. त्याच्याभोवती गोल करा, बाजूला तारीख घाला आणि कंट्रोल लावा.