मधल्या मणाचा भाव

वऱ्हाड आणि कापूस यांचें नातें फार जुनें आहे. 1853 सालीं या प्रांताचा कारभार निजामाकडून इंग्रजांच्या हातीं आला. पुढें 1861 ते 1865 या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध जुंपलें, विलायतेच्या गिरण्यांना तिकडील कापूस मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या कापसाला अपूर्व तेजी आली. तेजीबरोबर तंटेहि आले. वजन कोणाचें खरें आणि भाव कोणता खरा, हे दोन प्रश्न शेतकऱ्यापुढें उभे राहिले.

पहिल्या प्रश्नाकडे कायद्यानें लक्ष दिलें. पूर्वी अकोला जिल्ह्यांत असलेल्या व आज वाशीम जिल्ह्यांत मोडणाऱ्या कारंजा येथें 1886 सालीं देशांतील पहिला नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला. 1897 सालीं वऱ्हाडासाठीं कापूस व धान्य यांच्या बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. 1928 सालीं शेतकी कमिशननें असे नियंत्रित बाजार सर्व देशभर व्हावे, अशी शिफारस केली.

दुसरा प्रश्न मात्र गणिताचा आहे. हंगामाच्या आरंभीं मुहूर्ताच्या गाडीला मानाचा म्हणून चढा भाव देण्याची चाल आहे. त्या भावाची वार्ता गांवोगांव पसरते व शेतकरी त्या आशेनें गाडी जुंपतो. परंतु त्या भावानें माल किती गेला?

अशी कल्पना करावी कीं, बाजारांत पांच सौदे झाले: 18 रुपये भावानें 4 मण, 19 नें 6 मण, 20 नें 10 मण, 21 नें 52 मण, आणि मुहूर्ताच्या 30 रुपयांनीं 8 मण. सौदे भावाच्या क्रमानें मांडले तर मधला, म्हणजे तिसरा, सौदा 20 रुपयांचा आहे. हा साधा मध्यक होय. परंतु यांत 4 मणांच्या सौद्यालाहि एक मत आणि 52 मणांच्या सौद्यालाहि एकच मत मिळालें.

आतां सौद्यांऐवजीं मण मोजावे. एकूण माल 80 मण, त्याचा निम्मा 40. खालच्या भावापासून बेरीज करीत जावें: 4, 10, 20, आणि पुढें एकदम 72. चाळिसावा मण 21 रुपयांच्या सौद्यांत सांपडतो. हाच भारित मध्यक. बेरीज निम्म्यावर नेमकी येऊन थांबली, तर तो भाव व त्याच्या पुढचा भाव यांचा मध्य घेण्याची रीत आहे.

मुहूर्ताचा भाव 30 ऐवजीं 60 झाला, तर पांच भावांची साधी सरासरी 6 रुपयांनीं चढेल. भारित मध्यक 21 वरून हलणार नाहीं. अठराव्या शतकांत बॉस्कोविच या गणितज्ञानें पृथ्वीच्या आकाराचीं मापें जुळवितांना या रीतीचा पाया घातला, आणि 1887 च्या सुमारास एजवर्थ यानें ती पुढें नेली. प्रत्येक भावापासूनचें अंतर त्या भावाच्या मणांनीं गुणून बेरीज केली, तर ती भारित मध्यकापाशीं सर्वांत लहान येते, हें तिचें मर्म आहे.

तथापि मण मोजणें म्हणजे माणसें मोजणें नव्हे. वरील उदाहरणांत 52 मणांचा धनी एकच मोठा खातेदार असेल, तर 21 हा भाव मालाचा झाला. लहान शेतकऱ्याच्या पदरीं 18 किंवा 19 च पडले. कापूस कोणत्या भावानें गेला, हें भारित मध्यक सांगतो. शेतकऱ्यास काय मिळालें, हें जाणण्यास साधा मध्यकहि पाहावा लागतो.

बाजार समित्या आजहि किमान, कमाल व सर्वसाधारण असे तीन भाव जाहीर करतात. अमरावतीचा असो वा अकोल्याचा, कमाल भाव ऐकून हुरळून जाण्यापूर्वीं त्या भावानें किती माल गेला, एवढें विचारण्याची संवय शेतकऱ्यानें लावून घेतली, तर त्याची फसगत पुष्कळ कमी होईल.