चाळिशीतला शागीर्द

आमच्या मोहल्ल्यांतून एक वाक्य फार ऐकू येते : ‘आता या वयात काय शिकायचं?’ पस्तिशी ओलांडलेला कारागीर संगणकाच्या वर्गाला जायला संकोचतो. मुलांच्या बरोबरीने पुस्तक उघडणाऱ्या आईची घरातच थट्टा होते. दुसरीकडे व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांतून आयुष्यभर शिकत राहण्याचा आराखडा लिहून घेतला जातो, जणू ही कल्पना कालपरवा कुठून तरी आयात झाली! पाळण्यापासून कबरीपर्यंत इल्म मिळवत राहा, हे वचन आम्ही सभासंमेलनांत हदीस म्हणून सांगतो. हदीसच्या प्रमाण संग्रहांत ते सापडत नाही, असे जाणकार म्हणतात. पण वचनाच्या सनदीवर वाद घालण्यापेक्षा तसा जगलेला एक माणूस पाहावा, असे आम्हाला वाटते.

अबू रैहान अल्-बेरुनीचा जन्म इ. स. ९७३ मध्ये ख्वारिझममध्ये झाला. गणित आणि खगोलशास्त्रात त्याचे नाव झाले होते. १०१७ मध्ये महमूद गझनवीने ख्वारिझम जिंकले आणि तेथील विद्वानांना गझनीला नेले. त्यांत बेरुनीही होता. वय चाळिशीच्या पुढे, मुलूख गेलेला, आश्रयदाता मारला गेलेला, आणि नवा मालक असा की त्याच्या तलवारीचीच कीर्ती अधिक. अशा वेळी या माणसाने काय करावे? त्याने संस्कृत शिकायला घेतले.

ते सोपे नव्हते. एकेका वस्तूला अनेक नावे आणि एकेका शब्दाचे अनेक अर्थ, याने तो हैराण झाला. काही उच्चार त्याच्या जिभेवर बसत नव्हते, अरबी लिपीत मावत नव्हते. पंडिताच्या तोंडून ऐकलेला शब्द तो मोठ्या काळजीने टिपून घेई, आणि नंतर तोच शब्द म्हणून दाखवला तर पंडितांनाच तो ओळखता येत नसे. नकलाकारांच्या हलगर्जीपणाने पोथ्या बिघडलेल्या, त्यावरही त्याने तक्रार केली आहे. हे सारे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढे हेही लिहिले, की सुरुवातीला या ज्योतिषी पंडितांपुढे आपले नाते उस्तादापुढच्या शागिर्दाचे होते. ख्वारिझमचा हा नामवंत गणिती हे वाक्य न लाजता लिहितो. आम्हाला त्याच्या साऱ्या विद्वत्तेपेक्षा हे वाक्य मोठे वाटते. (काही दिवसांनी तोच पंडितांना कारणमीमांसा समजावू लागला, हेही तो सांगतो. विनय होता, पण अवाजवी नव्हता.)

पोथ्या मिळवण्यासाठी त्याने पैसा आणि कष्ट दोन्ही वेचले. सांख्य आणि पतंजलीच्या योगावरील ग्रंथ अरबीत नेले, तर युक्लिडची भूमिती संस्कृत श्लोकांत उतरवायला घेतली. १०३० च्या सुमारास ‘किताबुल हिंद’ पुरी झाली. महमूदाच्या स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट उद्ध्वस्त केली आणि येथील विद्या काश्मीर, बनारसपर्यंत मागे हटल्या, हे त्याने त्या ग्रंथात स्पष्ट नोंदवले. ज्याच्या राज्यात राहायचे त्याच्याविषयी असे लिहिणे ही लहान गोष्ट नव्हे. महमूदाचा जाब आम्हाला वारंवार विचारला जातो. आम्हीही बेरुनीचे नाव घ्यायला विसरतो, याचे नवल वाटते.

याच ग्रंथात धारहून दक्षिणेला येणाऱ्या वाटेवर ‘मरहट्ट देश’ आणि त्यापुढे कोकण, त्याची राजधानी समुद्रकाठचे ठाणे, अशी अंतरांसह नोंद आहे. तो इकडे आला नव्हता. विचारून, ताडून लिहिले.

आता त्याच्या अखेरच्या ग्रंथाकडे येऊ. ‘किताबुस सैदना’ हा औषधी द्रव्यांवरचा ग्रंथ लिहिताना त्याने ऐंशी वर्षे ओलांडली होती. ही वर्षे अर्थात चांद्र पंचांगाची. डोळे आणि कान अधू झाल्याचे तो सांगतो, म्हणून एका जाणकार सहकाऱ्याची मदत घेतली. एकेका द्रव्याची अरबी, फारसी, ग्रीक, सुर्यानी, हिंदी अशी नावे त्यात जमवली आहेत. हा नाद कधीचा? प्रस्तावनेत तो लहानपणची आठवण देतो : आमच्या मुलखात एक ग्रीक राहायला आला होता, मी त्याच्याकडे धान्य, बिया, फळे, झाडपाला घेऊन जाई, त्याच्या भाषेतली नावे विचारी आणि लिहून ठेवी. त्या पोराची टाचणे आणि ऐंशीतल्या म्हाताऱ्याचा ग्रंथ यांच्यामध्ये सुमारे सत्तर वर्षे आहेत. ग्रंथ मसुद्याच्या अवस्थेतच राहिला.

याकूत या चरित्रकाराने त्याच्या शेवटच्या घटकेची हकीकत दिली आहे. एक फकीह भेटीला आला. बेरुनीला धाप लागली होती. तरी त्याने विचारले, आईकडच्या आज्यांच्या वारसाहक्काचा हिशेब तुम्ही एकदा सांगितला होता, तो कसा? फकीहला दया आली. म्हणाला, या अवस्थेत? बेरुनीने उत्तर दिले, की हा प्रश्न न समजता दुनिया सोडण्यापेक्षा समजून सोडलेली बरी नाही का? मग फकीहने सारे पुन्हा सांगितले, बेरुनीने ते म्हणून दाखवून पाठ केले. फकीह बाहेर पडला. तो रस्त्यातच होता, तेव्हा घरातून रडण्याचा आवाज आला.