तरवडीहून निघणारं साप्ताहिक

मंडळी, नेवासं म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? ज्ञानेश्वरी, तो 'पैस' खांब आणि प्रवरा नदी, बरोबर? माझ्याही डोळ्यांसमोर तेवढंच यायचं. पण याच नेवासे तालुक्यात, आताच्या अहिल्यानगर (म्हणजे जुन्या अहमदनगर) जिल्ह्यात, तरवडी नावाचं एक लहानसं खेडं आहे. या खेड्यातून एका माणसाने साप्ताहिक काढलं आणि मरेपर्यंत चालवलं. साप्ताहिकाचं नाव 'दीनमित्र', संपादकाचं नाव मुकुंदराव पाटील. महाराष्ट्रात शिकून-सवरूनही मला हे नाव अमेरिकेत आल्यावर कळलं, याची आजही थोडी लाज वाटते.

झालं असं, की एम.एस. करताना मी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत पार्ट-टाइम काम करायचो. परत आलेली पुस्तकं कपाटात लावायची, बस्स. एकदा हातात गेल ऑम्वेट यांचं पश्चिम भारतातल्या ब्राह्मणेतर चळवळीवरचं इंग्रजी पुस्तक आलं. ही बाई मूळची मिनियापोलिसची. बर्कलीला पीएच.डी. केली, त्यासाठी महाराष्ट्रात आली आणि पुढे सांगली जिल्ह्यातल्या कासेगावचीच झाली. 2021 मध्ये तिथेच तिचं निधन झालं. आपण तिकडून इकडे आलो, ती इकडून तिकडे गेली! तिच्या 1976 सालच्या त्या पुस्तकात मला 'दीनमित्र' पहिल्यांदा भेटलं.

या साप्ताहिकाची गोष्ट खरं तर एक पिढी आधी सुरू होते. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. त्यांचे सहकारी, पुण्याजवळच्या भांबुर्ड्याचे कृष्णराव भालेकर यांनी 1877 मध्ये 'दीनबंधु' हे पत्र सुरू केलं. भांबुर्डे म्हणजे आजचं शिवाजीनगर. शेतकऱ्या-कामकऱ्यांसाठी निघालेलं हे पत्र भालेकरांना पुण्यात फार काळ झेपलं नाही. 1880 मध्ये ते मुंबईला गेलं आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते चालवलं. फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'ची पहिली दोन प्रकरणं 'दीनबंधु'त छापून आली आणि मग छपाई थांबली. आपल्याच माणसांचं पत्र, तरीही पुढची प्रकरणं छापण्याचं धाडस होईना. यावरून त्या काळाची कल्पना येते.

मुकुंदराव हे या भालेकरांचे चिरंजीव. जन्म 1885 चा. ते तरवडीच्या पाटील घराण्यात दत्तक गेले. 1910 मध्ये भालेकर वारले, आणि त्याच वर्षी मुलाने 'दीनमित्र' सुरू केलं. वडिलांचं पत्र पुण्याहून मुंबईला, मोठ्या शहराकडे गेलं होतं. मुलाने उलटी वाट धरली. शेतकऱ्यांचं पत्र शेतकऱ्यांच्या गावातून निघालं पाहिजे, असा तो हिशेब असावा.

आज हे वाचायला सोपं वाटतं. पण वर्ष बघा. टिळक मंडालेला तुरुंगात होते. 1910 च्याच फेब्रुवारीत सरकारने प्रेस ॲक्ट आणला होता. नवा छापखाना काढायचा तर पाचशे ते दोन हजार रुपयांपर्यंत जामीन मागण्याचा अधिकार त्यात होता. आणि वाचणार कोण? 1911 च्या खानेसुमारीत हिंदुस्थानात शंभरातल्या जेमतेम सहा जणांना लिहिता-वाचता येत होतं, बायकांत तर शंभरात एकीला. तेव्हाचं वर्तमानपत्र हे बरंचसं ऐकायचंच होतं. पारावर किंवा चावडीत एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी कान द्यायचा.

त्यात छपाई खिळ्यांची. एकेक अक्षर हाताने उचलायचं, उलटं लावायचं. मराठीला काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरांचे खिळे वेगळे, म्हणजे इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त खण. एक खण रिकामा झाला की शब्द बदला नाहीतर थांबा. आपल्या स्मरणिकेच्या फॉन्टवरून एकेकाळी किती ई-मेल्स व्हायच्या, ते जुन्या कमिटी मेंबर्सना आठवत असेल. तेव्हा मला नेहमी वाटायचं, यांना एकदा खिळे जुळवायला बसवा!

आता मुद्द्याचं, आणि माझ्यासाठी जरा अवघड.

मुकुंदरावांची लेखणी तिखट होती. सावकारावर त्यांनी 'शेटजी प्रताप' लिहिलं, भटजींवर 'ढढ्ढाशास्त्री परान्ने' ही कादंबरी लिहिली. पण सगळ्यात गाजलं ते 1913 चं 'कुलकर्णी लीलामृत'. नाव पोथीसारखं, रचनाही पोथीसारखी ओवीबद्ध. पोथीत देवाच्या लीला असतात, इथे गावच्या कुलकर्ण्याच्या. कागदात काय लिहिलंय हे फक्त त्यालाच कळतं, आणि त्या बळावर तो अडाणी शेतकऱ्याला कसा नाडतो, याचं ते वर्णन आहे.

मंडळी, आमच्या घराण्याकडे तीन-चार पिढ्या कुलकर्णी वतन होतं. लहानपणी आजी सांगायची, "आपल्या दप्तराला कधी कुणी बोट लावू शकलं नाही." 1951 मध्ये मुंबई राज्यात कायद्याने कुलकर्णी वतनं गेली, तो विषय निघाला की आमच्या घरी अजून 'अन्याय' हाच शब्द वापरतात. मीही तेच ऐकत वाढलो. त्यामुळे 'लीलामृता'बद्दल वाचलं तेव्हा पहिल्यांदा रागच आला. सगळेच कुलकर्णी का तसे होते? व्यंग लिहिणारा सगळ्यांना एकाच काठीने हाकतो, असं वाटलं. पुस्तक बंद केलं आणि बरीच वर्षं त्या वाटेला गेलो नाही.

मागच्या भारतवारीत गावाकडच्या वाड्याची आवराआवर चालली होती. माळ्यावरून दप्तराचे दोन रुमाल निघाले. लाल कापड विरलेलं, आत कागद. सगळं मोडीत. मी एकेक कागद उलटून पाहत होतो. अक्षर काय सुंदर! एका सरळ रेषेत, कुठे खाडाखोड नाही. खाली मात्र सही नव्हती. एका कागदावर शाईने काढलेला छोटासा नांगर होता, तर काहींवर नुसता अंगठा. लिहिता न येणारा कुणबी सहीऐवजी नांगराची निशाणी करायचा, हे पुस्तकात वाचलं होतं. प्रत्यक्ष पहिल्यांदाच पाहिली.

मी काकांना विचारलं, "काका, यात काय लिहिलंय हो?"

काकांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "मला कुठे मोडी येतं? तुलाही येत नाही. आणि ज्याने नांगर काढला त्यालाही येत नव्हतं."

ते सहज बोलले आणि पुढच्या कामाला लागले. मी मात्र तो कागद धरून तसाच बसलो. आमचा हिशेब चोख होता की नव्हता, हे मला आजही सांगता येणार नाही. कदाचित होताही. पण नांगर काढणाऱ्यालाही ते सांगता येत नव्हतं, आणि त्याला दुसरा इलाज नव्हता. 'दीनमित्र' त्याच्या बाजूने बोलत होतं, एवढं मला त्या माळ्याखाली कळलं. परत येताना पुण्यात थांबलो आणि पुस्तकरूपाने आलेलं मुकुंदरावांचं लेखन मिळवलं. या वेळी रागावलो नाही. काही ठिकाणी तर हसू आवरलं नाही.

हे साप्ताहिक म्हणजे सगळ्या प्रश्नांचं उत्तर होतं, असंही मी म्हणणार नाही. मुकुंदराव स्वतः पाटील घराण्यातले, आणि गावगाड्यात पाटलाच्याही खाली किती तरी जण होते. बाबासाहेब आंबेडकरांनी 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' सुरू केलं. पहिल्याच अंकात त्यांनी बहिष्कृतांच्या प्रश्नांना जागा देणाऱ्या पत्रांमध्ये 'दीनमित्र'चं नाव आवर्जून घेतलं. पण त्याचबरोबर तेवढ्या जागेने भागणार नाही, आपलं स्वतंत्र पत्र हवं, हेही सांगितलं. मला ही नोंद फार मोलाची वाटते. शेतकऱ्याचं पत्र पुण्या-मुंबईहून चालत नव्हतं म्हणून ते तरवडीला आलं, आणि गावकुसाबाहेरच्यांना तरवडीचंही पुरलं नाही. ज्याचं दुखणं त्यानेच लिहावं लागतं.

20 वर्षं नाही, 30 नाही, तब्बल 57 वर्षं मुकुंदरावांनी हे काम केलं. मधे दोन महायुद्धं झाली, स्वातंत्र्य आलं, कुलकर्णी वतनं गेली, शेजारी प्रवरानगरला 1950 मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला, संयुक्त महाराष्ट्र झाला. 1967 च्या डिसेंबरात मुकुंदराव गेले आणि 'दीनमित्र' थांबलं.

आपण सगळे इथे बसून गावाविषयी खूप बोलतो, लिहितो. दिवाळी अंकात, स्मरणिकेत, शनिवारच्या पार्ट्यांमध्ये. आपल्या आठवणीतलं गाव म्हणजे बहुधा वाडा, विहीर, आंब्याचं झाड आणि आजीच्या हातचं थालीपीठ. ते खोटं नाही. पण त्याच गावातून त्याच वेळी दुसरं कोणी तरी लिहीत होतं, आणि त्यात आपला वाडा कसा दिसतो, हे एकदा पाहायला हवं.

त्या नांगराच्या कागदाचा मी फोटो काढून आणलाय. आपल्या मंडळात कुणाला मोडी वाचता येत असेल, तर कृपया मला जरूर सांगा. काय लिहिलंय ते कळायला हवं. जे निघेल ते पुढच्या वर्षीच्या अंकात छापू.