रस्त्यावरची पंगत

कोल्हापूरजवळच्या गांधीनगरात कापडाची घाऊक बाजारपेठ आहे, हे सीमाभागातल्या वाचकांना सांगायला नको. लग्नाचा बस्ता असो की शाळेचा गणवेश, निपाणी-संकेश्वरकडची माणसे तिकडेच धाव घेतात. १९९४ साली मी शाळेत नुकताच लागलो होतो आणि गणवेशाच्या कापडाची जबाबदारी, अशा जबाबदाऱ्या नव्या शिक्षकावर पडतात तशी, माझ्यावर पडली. दुकानाचे मालक साठीच्या घरातले सिंधी गृहस्थ होते. मी इतिहास शिकवतो म्हटल्यावर त्यांनी हातातले कापड बाजूला ठेवले आणि विचारले, "गुरुजी, नारायण जगन्नाथ वैद्य कोण, ठाऊक आहे?"

मला ठाऊक नव्हते. एम. ए.ची पदवी खिशात होती, तरी नव्हते.

"तुमचाच मराठी माणूस. कराचीत त्यांच्या नावाची शाळा आहे. मी तिथे इंग्रजी दुसरीपर्यंत शिकलो."

पुढे मी शोध घेतला तेव्हा कळले की गृहस्थ खरे बोलत होते. १८४३ साली इंग्रजांनी सिंध जिंकला आणि १८४७ पासून १९३६ पर्यंत तो मुंबई इलाख्यालाच जोडलेला होता. त्या काळात वैद्य हे सिंधचे डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर होते. १८५५ साली कराचीत सुरू झालेली सरकारी शाळा पुढे त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. बंदर रोडवरची ती एन. जे. व्ही. हायस्कूलची इमारत अजून उभी आहे. रस्त्याचे नाव मात्र आता एम. ए. जिना रोड आहे.

शेठजींनी शाळेच्या गोष्टी थोड्या सांगितल्या, खाण्याच्या जास्त. बोलता बोलता त्यांनी कोपऱ्यावरच्या गाडीवरून डाळ-पकवान मागवले : मैद्याची कडक पुरी, वर घट्ट चणाडाळ, चिंचेची चटणी, कांदा. हातगाडीचे खाणे पोरांनी खाऊ नये असे मी वर्गात सांगत असे. ते मी तिथे उभ्याने खाल्ले. त्या दिवसापासून पलीकडच्या माणसांच्या खाण्यापिण्याविषयी जे हाताला लागेल ते वाचत आलो आहे. तिकडे मी गेलेलो नाही आणि तसा योगही दिसत नाही. तरीही लिहितो आहे, कारण शेठजींच्या एका गोष्टीने माझी पाठ सोडलेली नाही. ती गोष्ट शेवटी येईल.

*

एन. जे. व्ही. शाळेपासून थोड्याच अंतरावर कराचीचा बर्न्स रोड आहे. हे नाव डॉ. जेम्स बर्न्स यांच्यावरून पडले असे म्हणतात. भूजच्या रेसिडेन्सीतले हे डॉक्टर १८२७ साली सिंधच्या अमिराला औषधोपचार करायला गेले होते. आज मात्र बर्न्स रोड म्हटले की पाकिस्तानी माणसाला डॉक्टर आठवत नाही, निहारी आठवते.

हा रस्ता खाण्याचा कसा झाला, ते शिरगणतीच्या आकड्यांत दिसते. १९४१ साली कराचीची वस्ती सुमारे ४ लाख ३५ हजार होती आणि तीत निम्म्याहून थोडे अधिक हिंदू होते. १९५१ साली वस्ती १० लाखांच्या वर गेली आणि हिंदू शेकडा दोनच्या आसपास उरले. दहा वर्षांत शहराच्या पोटातली माणसेच बदलली. ६ जानेवारी १९४८ च्या दंगलीनंतर तर जहाजे भरभरून सिंधी हिंदू मुंबईकडे निघाले. रिकाम्या घरांत दिल्ली, लखनौ, मेरठ, आग्रा इथली मुसलमान कुटुंबे आली. दिल्लीकडची बरीच मंडळी बर्न्स रोडच्या आसपास स्थिरावली.

निर्वासित माणसाला धंद्यासाठी काय लागते? जमीन नाही, पेढी नाही, ओळख नाही. एक मोठे भांडे, जळण आणि आईच्या हाताची चव आठवणारी जीभ एवढ्यावर रस्त्याच्या कडेला जो धंदा उभा राहतो तो खाण्याचा. निहारी हा त्यातला राजा. अरबीतल्या 'नहार', म्हणजे सकाळ, या शब्दावरून हे नाव आले. मोठ्या जनावराच्या पोटरीचे मांस रात्रभर मंद आचेवर शिजते आणि पहाटे कामावर निघालेला माणूस ते रोटीबरोबर खातो. वरून आल्याचे बारीक काप, हिरवी मिरची, लिंबू. हाडातला मगज हवा असेल तर 'नळी' वेगळी मागायची. जुन्या दिल्लीतल्या काही निहारीवाल्यांची एक रीत आहे : आदल्या दिवशीची थोडी निहारी राखून ती नव्या देगेत घालायची. तिला 'तार' म्हणतात. आपल्याकडे विरजण राखतात तसेच. आमची तार शंभर वर्षांत तुटलेली नाही, असे तिथले काही दुकानदार अभिमानाने सांगतात. आगगाडीच्या डब्यात जीव मुठीत धरून कराचीला गेलेल्यांची तार अर्थातच तुटली. त्यांनी पहिल्या दिवसापासून नवी देग लावली आणि पाटीवर 'दिल्ली' लिहिली.

निहारीशेजारी धागा कबाब आला. त्याचे वाटण इतके मऊ की सळईवरून गळून पडू नये म्हणून दोरा गुंडाळावा लागतो आणि खाणाऱ्याने तो सोडून खायचे. हलीम आले, दहीवडे आले, रबडी आली. (हा सारा मांसाहाराचा उत्सव वाचून कोणी नाक मुरडेल, म्हणून सांगतो : तिकडेही आठवड्यातले दोन दिवस, मंगळवार आणि बुधवार, मोठ्या-छोट्या मांसाच्या विक्रीला 'नागा' असण्याची जुनी सरकारी प्रथा आहे. साराह सुलेरी यांच्या १९८९ सालच्या आठवणींच्या इंग्रजी पुस्तकाचे नावच या बिनमांसाच्या दिवसांवरून आहे.)

लाहोरच्या गवालमंडीची कथाही याच जातीची. नावावरूनच कळते की ही गवळ्यांची, दुधाची बाजारपेठ. फाळणीपूर्वी तिथे हिंदू-शिखांची मोठी वस्ती होती. १९४७ साली ती पूर्वेला गेली आणि जेमतेम पन्नास किलोमीटरवरच्या अमृतसरहून मुसलमान इकडे आले. त्यांतल्या काश्मिरी घराण्यांचे हे दुसरे स्थलांतर होते. एकोणिसाव्या शतकात शाली विणणारे त्यांचे पूर्वज काश्मीर सोडून अमृतसरला आले होते. लाहोरात हिवाळ्याच्या सकाळी मांस रात्रभर शिजवून घोटलेली हरिसा विकतात, ती आजही 'अमृतसरी' म्हणून विकली जाते. २००० सालाच्या सुमारास गवालमंडीचा एक रस्ता रात्री वाहनांना बंद करून, जुन्या इमारतींचे दर्शनी भाग रंगवून, तिथे 'फूड स्ट्रीट' केली गेली. ती काही वर्षांनी बंद पडली, पुन्हा उघडली. दरम्यान २०१२ साली बादशाही मशिदीच्या शेजारी दुसरी झाली. कराचीनेही २०२१ साली बर्न्स रोड संध्याकाळनंतर वाहनांना बंद केला, तेव्हा वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी कडाडून विरोध केला. त्यांचेही बरोबर होते. ज्याच्या दाराशी रात्री दोनपर्यंत कढया वाजतात त्याला संस्कृतीचे कौतुक कसे वाटावे?

पाट्यांविषयी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. सिंधमधल्या हैदराबाद शहरात १९११ सालची 'बॉम्बे बेकरी' आहे. आपल्या हैदराबादेत सिंधहून आलेल्या निर्वासिताने १९५३ साली 'कराची बेकरी' काढली. २०१९ साली पुलवामाच्या हल्ल्यानंतर बेंगळुरूतल्या तिच्या शाखेला पाटीवरचा 'कराची' हा शब्द झाकावा लागला. पाटीवरच्या अक्षरांवरून डोकी कशी तापतात, हे आपल्या भागातल्या माणसांना कोणी शिकवायला नको. परंतु त्या पाटीवर शत्रूचे गाव लिहिलेले नव्हते. मालकाने आपले सुटलेले गाव लिहिले होते.

*

आता पंगतीकडे वळतो. पेशावरच्या नमक मंडीत मांस किलोवर मागवतात. दुंब्याच्या शेपटीची चरबी, मीठ आणि टोमॅटो, मसाला जवळजवळ नाहीच. शिजले की कढई तशीच्या तशी मधोमध येते आणि चार-सहा जण बाजेवर वा तख्तावर मांडी घालून नानचे तुकडे तिच्यातच बुडवतात. हे प्रथम वाचले तेव्हा मी थबकलो. आपणही पंगतीत एकत्र बसतो, पण प्रत्येकाची पत्रावळ वेगळी. शेजाऱ्याच्या पानाला हात लागला तर उष्टे. मांडीला मांडी लावून बसायचे आणि घास मात्र निरनिराळा राखायचा, अशी आपली रीत. लाहोरला दाता दरबारात, म्हणजे अकराव्या शतकातल्या सूफी अली हुजविरींच्या दर्ग्यात, नवस फेडणारे लोक बाहेरच्या दुकानांतून भाताच्या देगा विकत घेऊन वाटतात. घेणाऱ्याला कोणी नाव विचारत नाही.

म्हणून तिकडची पंगत सर्वांना मोकळी, असा निष्कर्ष काढायचा मोह मला झाला होता. तो टिकला नाही.

पहिली गोष्ट बायकांची. रस्त्यावरच्या चहाच्या ढाब्यावर पाकिस्तानात पिढ्यान् पिढ्या पुरुषच बसत आले. बायकांसाठी पडद्यामागची 'फॅमिली'ची जागा. (आपल्याकडच्या हॉटेलांतल्या 'फॅमिली रूम' आठवाव्यात.) २०१५ साली कराचीच्या काही मुली ढाब्यावर उघड्यावर बसून चहा पिऊ लागल्या आणि आपली छायाचित्रे प्रसिद्ध करू लागल्या. 'गर्ल्स ॲट ढाबाज' या नावाने ते गाजले. चहाच्या पेल्याची बातमी व्हावी, यातच सगळे आले.

दुसरी गोष्ट अधिक कठीण. २००९ साली पंजाबच्या शेखूपुरा जिल्ह्यातल्या एका खेड्यात शेतात फळे तोडणाऱ्या बायकांत पाण्याच्या भांड्यावरून भांडण झाले. आसिया बीबी ही ख्रिस्ती मजूर बाई. तिने हात लावलेले पाणी इतर बायकांना चालेना. भांडणातून धर्मनिंदेचा आरोप झाला. २०१० साली तिला फाशीची शिक्षा सुनावली गेली आणि ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिला निर्दोष सोडले. तोवर आठ-नऊ वर्षे तुरुंगात गेली होती. पाकिस्तानातल्या बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज हे पंजाबातले अस्पृश्य मानले गेलेले लोक. धर्म बदलला, पण हात तोच धरला गेला.

लाहोरशी या प्रश्नाचा आणखी एक संबंध आहे आणि तो थेट मराठी माणसाचा आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ साली आपल्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना दिले होते. भाषणाचा मजकूर हाती आल्यावर मंडळींचा धीर सुटला आणि परिषदच बारगळली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापले. तेच 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'. त्यात त्यांनी स्पष्ट म्हटले आहे की सहभोजनांनी जात मोडणार नाही. त्याला आंतरजातीय विवाह हवेत आणि मुळात शास्त्रांवरची श्रद्धा ढासळायला हवी. ज्या शहराची आज खाण्याच्या रस्त्यांबद्दल एवढी ख्याती, त्याच शहरात एकत्र जेवणे पुरेसे नाही हे सांगणारे भाषण व्हायचे होते आणि होऊ शकले नाही.

मी पाकिस्तानवर बोट दाखवून मोकळा होऊ शकत नाही. आमच्या गावच्या चहाच्या हॉटेलात, मी पाचवी-सहावीत असताना, बाहेरच्या खुंटीला दोन कपबश्या टांगलेल्या असत. माझ्या बाकावर बसणारा मित्र तिथे गेला की स्वतःच ती कपबशी काढी, वरून ओतलेला चहा पिई, विसळून पुन्हा टांगी. मी आत बाकड्यावर बसून पीत असे. बाहेर जाऊन त्याच्याबरोबर पिण्याचे मला कधी सुचले नाही. तो पुढे तलाठी झाला. एकदा एका लग्नात भेटला तेव्हा आम्ही शेजारी शेजारी जेवलो. कपबशीचा विषय त्यानेही काढला नाही, मीही नाही.

*

शेठजींची गोष्ट राहिली. ते बारा वर्षांचे असताना त्यांचे कुटुंब वळिवड्याच्या छावणीत आले. त्या बराकी १९४३ साली पोलंडच्या निर्वासितांसाठी बांधलेल्या. पोलिश लोक गेले, सिंधी आले आणि वळिवड्याच्या छावणीचे गांधीनगर झाले. त्यांच्या लहानपणी कराचीच्या स्टेशनवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगळे मिळे. आई तर त्याहून कडक. हिंदू पाणीसुद्धा कोणी भरले हे विचारल्याशिवाय पीत नसे. छावणीत एकच चूल, एकच रांग, एकच डाव. वाढणारा कोण, आचारी कोण, कशाचाच पत्ता नाही. आई तीन दिवस जेवली नाही. चौथ्या दिवशी ताट घेऊन रांगेत उभी राहिली.

"मग?" मी विचारले.

"मग काय, गुरुजी. डाळ होती. जेवली. म्हणाली, मीठ कमी आहे. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःच चुलीपाशी जाऊन बसली."

एवढे सांगून त्यांनी कापडावर पुन्हा मीटर लावला.