डिस्क जोडण्याची परवानगी: एका निर्बंधाचा इतिहास

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन्ही प्रणाली बसवल्या, की लिनक्समध्ये शिरल्यावर पहिली अडचण बहुधा ठरलेली असते. विंडोजमधला डी ड्राइव्ह दिसतो पण उघडत नाही. उघडलाच तर त्यात काही साठवता येत नाही. आणि साठवायचंच असेल तर रूटचा, म्हणजे व्यवस्थापकाचा पासवर्ड मागितला जातो. संगणक आपला, डिस्क आपली, त्यावरचे फोटो आणि गाणीही आपलीच, मग परवानगी कुणाची घ्यायची? या तक्रारीवर वर्षानुवर्षं दोनच सल्ले मिळत आले आहेत. एक म्हणजे रूट होऊन काम उरकून टाका. दुसरा म्हणजे हा निर्बंध अनेकांनी मिळून वापरायच्या जुन्या संगणकांच्या काळातला आहे, घरच्या यंत्रावर त्याला काही अर्थ उरलेला नाही, तेव्हा सगळं सगळ्यांना खुलं करा. माझ्या मते दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. ते का, हे समजायचं तर हा निर्बंध आला कुठून ते पाहायला हवं, कारण तो सुरुवातीपासून नव्हताच.

लिनक्स ज्याच्या धर्तीवर घडलं ते युनिक्स बेल लॅब्जमध्ये १९६९ साली आकाराला येऊ लागलं. त्याचे निर्माते डेनिस रिची आणि केन थॉम्प्सन यांनी १९७४ साली त्यावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात त्यांच्या पीडीपी-११/४५ या यंत्राचं वर्णन आहे. एक छोटी स्थिर डिस्क, एक ४० मेगाबाइटची मोठी डिस्क, आणि शिवाय काढता-घालता येणाऱ्या, प्रत्येकी अडीच मेगाबाइटच्या चकत्यांसाठी चार ड्राइव्ह. मोठी डिस्क यंत्र सुरू होतानाच आपोआप जोडली जाई. ते चार छोटे ड्राइव्ह मात्र वापरकर्त्यांसाठी मोकळे ठेवलेले होते: ज्याने त्याने आपली चकती आणावी, घालावी, माउंट करावी, म्हणजे प्रणालीला जोडावी, आणि कामाला लागावं. म्हणजे साध्या वापरकर्त्याने डिस्क माउंट करणं हे युनिक्सच्या जन्मघरी रोजचं काम होतं. एकदा जोडली की त्या चकतीवरची फाइल आणि यंत्रातली कायमची फाइल यांत जवळजवळ काहीच फरक उरत नसे, आणि हे या रचनेचं मोठं वैशिष्ट्य मानलं जाई. पुढचा सगळा त्रास याच वैशिष्ट्यातून निघाला.

युनिक्सची सातवी आवृत्ती १९७९ साली बाहेर पडली. तिच्यासोबतच्या कागदपत्रांत रिचींचं युनिक्सच्या सुरक्षेविषयीचं एक छोटं टिपण आहे, आणि त्यात त्यांनी आपल्याच प्रणालीतल्या उणिवा सरळ मांडल्या आहेत. माउंटबद्दल त्यांचं म्हणणं असं, की एकदा चकती जोडली गेली की तिच्यावर जे लिहिलेलं असेल ते प्रणाली खरं मानून चालते. चकती कोरी किंवा बिघडलेली असेल तर सगळं यंत्र कोसळू शकतं. त्याहून वाईट म्हणजे कुणी आपल्या चकतीवर रूट होण्याच्या ‘एसयू’ या आज्ञेची पासवर्ड न विचारणारी प्रत घालून आणू शकतो, आणि तिच्यावर सेट-यूआयडीची खूण करून ठेवू शकतो. ही खूण रिचींचाच शोध, त्याचं अमेरिकन पेटंट त्याच १९७९ साली मिळालं. खूण असलेला प्रोग्राम कुणीही चालवला तरी तो फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालतो. ज्या यंत्रावर तुम्ही रूट नाही तिथे रूटच्या मालकीची अशी फाइल तुम्हाला तयार करता येत नाही. पण दुसऱ्या यंत्रावर, जिथे तुम्हीच रूट आहात, तिथे ती निवांत तयार करून आणता येते. चकती जोडली, प्रोग्राम चालवला, की यंत्र तुमच्या ताब्यात. यावर रिचींनी सुचवलेला सोपा उपाय एकच होता: माउंट करण्याचा अधिकार फक्त रूटला ठेवावा.

निर्बंधाचं मूळ हे असं आहे. फाइलींचा मालक कोण, हा त्यात प्रश्नच नव्हता. आलेल्या डिस्कवर किती विश्वास टाकायचा, हा प्रश्न होता, आणि त्याला उत्तर मिळालं ते मात्र ती कोण जोडतंय या प्रश्नाचं. विश्वास कमी-जास्त करायची सोय त्या काळी नव्हती, म्हणून दारच बंद केलं गेलं. ती सोय हळूहळू तयार झाली. डिस्क जोडताना ‘नोसूइड’ असा शब्द दिला की तिच्यावरची सेट-यूआयडीची खूण दुर्लक्षिली जाते. ‘नोडेव्ह’ दिला की तिच्यावर पेरलेल्या, थेट हार्डवेअरकडे बोट दाखवणाऱ्या फाइली निर्जीव होतात. ‘नोएक्झेक’ दिला की तिच्यावरचा कोणताच प्रोग्राम थेट सुरू करता येत नाही. लिनक्समध्ये हे तिन्ही एकत्र आले. कोणती डिस्क कुठे जोडायची याची यादी ‘एफएसटॅब’ या फाइलमध्ये असते. तिथे रूटने एखाद्या ओळीत ‘यूजर’ एवढा एक शब्द लिहिला, की साधा वापरकर्ता ती डिस्क जोडू शकतो, आणि त्याच शब्दासोबत वरचे तिन्ही निर्बंध न लिहिताच लागू होतात. जोडण्याची मुभा द्यायची आणि विश्वास त्याच क्षणी कमी करायचा, असा हा करार आहे. या सगळ्या इतिहासातली सर्वांत शहाणी गोष्ट मला हीच वाटते. अनेक जण ती ओळ फक्त नकलून घेतात आणि नोएक्झेक आडवा आला म्हणून पुढे ‘एक्झेक, सूइड’ असे शब्द जोडून तिचा अर्थच घालवून बसतात.

ड्युअल बूटच्या, म्हणजे दोन्ही प्रणाली असलेल्या यंत्रावर याला आणखी एक पेच येऊन मिळाला. डॉस आणि जुन्या विंडोजची फॅट ही रचना फाइलीचा मालक नोंदवतच नाही. केवळ-वाचन, लपलेली, अशा चार-दोन खुणांपलीकडे तिला काही ठाऊक नसतं. लिनक्सला मात्र प्रत्येक फाइलीला मालक हवाच. मग तो कुठून आणायचा? उत्तर साधं निघालं: ज्याने माउंट केलं तोच सगळ्या फाइलींचा मालक. यंत्र सुरू होताना माउंट करतो रूट, म्हणून सगळा डी ड्राइव्ह रूटच्या नावावर; इतरांना वाचता येतं, लिहिता येत नाही. इथे फाइलीवर ‘सीएचमॉड’ चालवून परवानगी बदलायचा प्रयत्न करणारे हमखास हात टेकतात, कारण जी परवानगी डिस्कवर लिहिलेलीच नाही ती बदलणार कशी? ती ठरते जोडताना, एफएसटॅबच्या ओळीत. ‘यूआयडी=१०००’ लिहिलं की सगळ्या फाइली त्या क्रमांकाच्या वापरकर्त्याच्या होतात (जुन्या रेड हॅटवर पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक ५०० असे, उबुंटूवर १०००), आणि ‘यूमास्क=००७’ लिहिलं की मालक व त्याचा गट यांना सगळं मोकळं, बाकीच्यांना काहीच नाही. एनटीएफएसची गोष्ट उलटी. विंडोज एनटीसोबत १९९३ साली आलेल्या या रचनेत मालक आणि परवानग्यांची सविस्तर नोंद असते, पण ती विंडोजच्या ओळखक्रमांकांत, आणि लिनक्सच्या दृष्टीने ते क्रमांक परक्या गावचे. लिनक्सच्या गाभ्यातला जुना एनटीएफएस ड्रायव्हर त्यामुळे काही न सांगितल्यास यूमास्क ००७७ धरून चाले, म्हणजे रूटशिवाय कुणाला वाचताही येत नसे. लिहिण्याचा भरवसा तर २००७ साली एनटीएफएस-३जी हा नवा ड्रायव्हर स्थिर होईपर्यंत नव्हताच.

आता ‘सगळं खुलं करा’ या सल्ल्याकडे वळतो. घरच्या संगणकावर एकच माणूस, मग परवानगी कशाला, असं विचारणारा एक गोष्ट विसरतो. सी ड्राइव्ह ही निव्वळ फाइलींची पेटी नसते, ती दुसरी एक अख्खी प्रणाली असते. विंडोज चालू असताना साधा वापरकर्ता सिस्टिम३२ या फोल्डरला हात लावू शकत नाही. तोच सी ड्राइव्ह लिनक्समध्ये यूमास्क ०००, म्हणजे सगळ्यांना सगळं मोकळं, देऊन जोडला, की विंडोजच्या परवानग्या बाजूला पडतात आणि लिनक्समधला कोणताही वापरकर्ता, खरं तर त्याच्या नावाने चालणारा कोणताही प्रोग्राम, सिस्टिम३२ बदलू किंवा पुसू शकतो. म्हणजे एका प्रणालीतल्या साध्या माणसाला दुसऱ्या प्रणालीचा व्यवस्थापक करून ठेवलं. महाराष्ट्रातल्या अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत एकाच यंत्रावर दोन्ही प्रणाली असतात आणि दिवसभर वेगवेगळ्या तुकड्या त्यावर बसतात. तिथे याचा परिणाम काय होईल, हे प्रयोगशाळा सांभाळणाऱ्याला सांगायला नको.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. ज्याच्या हाती यंत्र आहे तो नॉपिक्ससारख्या, थेट सुरू होणाऱ्या लिनक्सची सीडी घालून ते सुरू करू शकतो आणि कोणतीही डिस्क वाचू शकतो. मग एफएसटॅबमधल्या ओळीने अडवलं कुणाला? डिस्क कूटबद्ध नसेल तर समोर बसलेल्या माणसाला ही ओळ अडवत नाही, हे मान्यच करायला हवं. पण यंत्रावर रोज चालतात ते प्रोग्राम, आणि त्यांना सीडी घालता येत नाही. आलेल्या डिस्कवर डोळे मिटून विश्वास ठेवल्यावर काय होतं, हे विंडोजने दाखवून दिलं आहे. २००८च्या अखेरीस आलेल्या कॉन्फिकर या घातक प्रोग्रामच्या पुढच्या आवृत्त्या पेन ड्राइव्ह लावताच प्रोग्राम आपोआप सुरू करणाऱ्या ऑटोरनमधून पसरल्या. तेव्हा झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह लावला की व्हायरस घेऊन घरी यायचं, हा आपल्याकडे सर्रास अनुभव होता. शेवटी २०११ साली मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजसाठीही अपडेट देऊन पेन ड्राइव्हचं ऑटोरन बंद केलं.

दुसरा आक्षेप असा, की रिचींनी वर्णिलेला हल्ला आता संग्रहालयात ठेवण्याजोगा झाला. तसं नाही. २००४च्या सुमारास लिनक्सच्या डेस्कटॉपवर पेन ड्राइव्ह आपोआप जोडायची सोय आली. पीमाउंटसारख्या साधनाने ती मुभा फक्त काढता-घालता येणाऱ्या डिस्कपुरती ठेवली. आजचं यूडिस्क्स हे साधन हाच भेद पुढे चालवतं: यंत्रासमोर बसलेल्या वापरकर्त्याला पेन ड्राइव्ह पासवर्डशिवाय जोडता येतो, आतल्या डिस्कसाठी मात्र सहसा व्यवस्थापकाचा पासवर्ड लागतो. ड्युअल बूटवर पासवर्डाची खिडकी उगवते ती याचमुळे. आणि २०२५च्या जूनमध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं, की यूडिस्क्स ज्या लिबब्लॉकडेव्ह या साधनावर उभं आहे, ते एक्सएफएस या फाइल-रचनेचा आकार बदलताना ती थोडा वेळ जोडत असे, आणि त्या वेळी नोसूइड व नोडेव्ह लावायला विसरत असे. आतमध्ये सेट-यूआयडीची खूण केलेला प्रोग्राम ठेवून डिस्कची प्रतिमा आणली, की साधा वापरकर्ता रूट होई. १९७९च्या टिपणातली चकती पुन्हा तशीच्या तशी आली होती.

म्हणून माझं म्हणणं असं, की मुभा द्यावी, पण ड्राइव्हनिहाय द्यावी. दोन्ही प्रणालींना लागणारी माहिती वेगळ्या पार्टिशनवर ठेवावी, तेवढंच आपल्या यूआयडीने, गटापुरत्या यूमास्कने आणि नोसूइड, नोडेव्ह कायम ठेवून जोडावं. सी ड्राइव्ह केवळ वाचण्यापुरता असावा. शिवाय काही वेळा नकार लिनक्सचा नसतोच, हेही ओळखावं. २०१२ साली विंडोज ८ सोबत फास्ट स्टार्टअप आलं. त्यात ‘शट डाउन’ म्हटल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. आपला गाभा झोपवून डिस्कवर ठेवतं आणि सी ड्राइव्ह आपल्याच ताब्यात धरतं. एनटीएफएस-३जी डिस्कवरची ही झोपेची खूण पाहतं आणि ड्राइव्ह केवळ वाचण्यासाठी उघडतं. त्या वेळी एफएसटॅबची ओळ कितीही बदलली तरी उपयोग नाही, आणि जबरदस्तीने लिहिलं तर विंडोज जागं झाल्यावर त्याच्या आठवणीतली डिस्क आणि खरी डिस्क यांचा मेळ बसत नाही, फाइली बिघडतात. फास्ट स्टार्टअप बंद करायची सोय विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्येच आहे, आणि ते बंद करायला तिथलाही व्यवस्थापकच लागतो.